समोरचं पान

रत्नागिरीत वाढलेल्या मुलांसाठी ब्रह्मदेश म्हणजे एक राजवाडा. जांभ्या दगडाचा, उतरत्या छपरांचा, भाट्याच्या खाडीकडे बघत उभा असलेला. आमच्या शाळेतून तिथे चालत जाता यायचं, म्हणून सहल बहुतेक वेळा तिथेच जायची. बाई सांगायच्या, थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याची गादी काढून घेतली, १८८६ मध्ये त्याला इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली शेवटची सहाच वर्षं तो या भिंतींमध्ये राहिला. एवढा सगळा वेळ तो माणूस दिवसभर करायचा काय, हा प्रश्न मला तेव्हा पडायचा. खाडीवर उतरणारं ऊन बघत बसायचा, असं बाई म्हणायच्या.

ब्रह्मदेशाचं दुसरं टोक आम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटायचं. मंडाले. थिबाची राजधानी तीच. आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा नेऊन ठेवलं तेही त्याच मंडालेत. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत, दोघेही एकाच सरकारचे बंदी, एकाच वेळी. हा योग आमच्या गावात इतक्यांदा सांगितला जातो की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं आहे. मलाही वाटत नव्हतं. थिबाची एक नात पुढे रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, गरिबीत, २००० सालापर्यंत. गावातल्या म्हाताऱ्यांनी तिला बाजारात पाहिलेलं असे. ब्रह्मदेश आमच्या इतका दाराशी होता.

आणि तरी मला वयाच्या चाळिशीपर्यंत एकाही बर्मी लेखकाचं नाव ठाऊक नव्हतं. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. ज्या देशाच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं गेलं, त्या देशातली माणसं स्वतः काय लिहितात हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

सुचलं ते एका पुस्तकामुळे. इंग्लंडमध्ये राहणारी एक मैत्रीण सुट्टीला आली होती. जाताना सामानाचं वजन जास्त झालं म्हणून चार पुस्तकं माझ्याकडे ठेवून गेली. त्यातलं एक कवितासंकलन होतं. ‘बोन्स विल क्रो’, २०१२ सालचं, आर्क या छोट्या इंग्रजी कवितासंस्थेने काढलेलं. पंधरा समकालीन बर्मी कवी. एका पानावर बर्मी मूळ, समोरच्या पानावर इंग्रजी अनुवाद. मी इंग्रजी वाचायचं सोडून बर्मी पानांकडेच बघत बसले. सगळी अक्षरं गोल. कुणी बांगड्यांचे तुकडे ओळीने मांडून ठेवावेत तशी. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान चिरतं, म्हणून ही लिपी गोल होत गेली, असं सांगतात. पुढे कळलं की या गोलांची बाराखडी आपलीच आहे. क ख ग घ ङ, त्याच क्रमाने. फक्त त्यांच्याकडे प्रत्येक अक्षराला नाव आहे: मोठा क, छोटा ग, मोठा घ. कवितेला ते ‘कब्या’ म्हणतात, म्हणजे आपलं काव्यच. शिक्षकाला ‘सया’ म्हणतात, त्याचं मूळ पालीतल्या ‘आचरिय’मध्ये आहे. शेजारघरात आपलीच भांडी दिसावीत तसं झालं मला.

मी पुण्यात संपादनाचं काम करते. दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचायची, शंका काढायच्या, अनुक्रमणिका लावायची, मुद्रितं तपासायची. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी संपादक कोण ते बघते. इथे दोघे होते. एक इंग्रज कवी, जेम्स बर्न. दुसरे को को थेट. इंग्रजीत ते आपलं नाव सगळं लहान अक्षरांत लिहितात, पहिलं अक्षरही मोठं करत नाहीत. देवनागरीत हे दाखवता येत नाही, कारण आपल्याकडे लहान-मोठी अक्षरंच नाहीत. बर्मी लिपीतही नाहीत. मला वाटतं, परक्या भाषेत गेल्यावर आपल्या लिपीची सवय सोडायला ते तयार नसावेत. हा माझा अर्थ, त्यांनी तो कुठे सांगितलेला मी वाचलेला नाही. स्वतःची ओळख करून देताना मात्र ते एक वाक्य वापरतात, ते मला विसरता येत नाही: निवडीने कवी, योगायोगाने बर्मी.

हा माणूस मूळचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. रंगूनच्या तंत्रशिक्षण संस्थेत असताना नव्वदीच्या मध्यात त्यांनी कवितांच्या दोन पुस्तिका गुपचूप काढून वाटल्या. गुपचूप या शब्दावर थोडं थांबायला हवं. ब्रह्मदेशात १९६२ च्या लष्करी राजवटीने छपाईचा जो कायदा आणला त्यानंतर पुस्तक असो की मासिक, सगळं परीक्षकांच्या टेबलावरून जायचं. न रुचलेल्या ओळीवर शाई फासायची, कधी पानच फाडून टाकायचं. वाचकाच्या हातात मासिक पडायचं ते काळे-चंदेरी पट्टे घेऊनच. अशा ठिकाणी विशीतला मुलगा परवानगी न मागता कविता वाटत होता. डिसेंबर १९९६ मध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, त्याची सुरुवात त्यांच्याच संस्थेतून झाली. त्यात त्यांना अटक झाली, सुटका झाली आणि १९९७ मध्ये त्यांनी देश सोडला. त्या आंदोलनानंतर सरकारने विद्यापीठंच बंद करून टाकली, आणि त्यांचे दरवाजे नीट उघडायला तीन वर्षांहून जास्त काळ गेला. एका पिढीचं शिक्षण कुलपात. आपल्याकडे एक परीक्षा महिनाभर पुढे गेली तर घराघरांत काळजी पसरते, त्यावरून अंदाज करावा.

मग सिंगापूर, बँकॉक, फिनलंड, ऑस्ट्रिया. संघर्ष, शांतता, विकास या विषयांचा अभ्यास, ब्रह्मदेशाच्या राजकारणावर लेखन. कवितेला पूरक म्हणून त्यांनी हे शिक्षण घेतलं असेल असं मला वाटत नाही. ज्याच्या देशाचं असं होतं त्याला ते का होतं हे समजून घ्यावंच लागतं, आणि परदेशात पोट भरायलाही काही शिकावं लागतं. पण त्या अभ्यासाचा कोरडेपणा त्यांच्या कवितेत उतरला, आणि त्या कवितेला तो शोभतो. २०१५ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी संग्रहाचं नाव ‘द बर्डन ऑफ बीइंग बर्मीज’, बर्मी असण्याचं ओझं. योगायोगाने बर्मी म्हणणाऱ्या माणसाने हे शीर्षक द्यावं, यात मला विसंगती दिसत नाही. योगायोगाने खांद्यावर आलेलं ओझंही ओझंच असतं. पुढे २०२२ मध्ये ‘बॅम्बूफोबिया’ आला. या कवितांना गोडवा नाही. सरकारी परिपत्रकं, जाहिराती, मदतसंस्थांची भाषा, पर्यटकांची भाषा, सगळं त्यांत खडबडीत मिसळलेलं आहे. पहिल्या वाचनात मला त्या आवडल्या नव्हत्या. दुसऱ्या वाचनात कळलं की आपला देश बाहेरच्यांच्या तोंडून सतत ऐकावा लागणाऱ्या माणसाच्या कानात असंच काहीतरी वाजत असणार.

पण मला लिहायचं आहे ते त्यांच्या संपादनाबद्दल. कारण माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा तिथे आहे.

परागंदा लेखकाबद्दल आपल्या मनात एक चित्र असतं: एकटा, गावाची आठवण काढणारा, स्वतःचं दुःख लिहिणारा. यात खोटं काही नाही. पण वीस वर्षं परदेशात काढून जो माणूस आपल्या उमेदीचा मोठा हिस्सा दुसऱ्यांच्या कविता जमवण्यात, निवडण्यात, अनुवाद करण्यात घालवतो, त्याचं काय? त्याने स्वतःच्या किती कविता लिहायच्या ठेवल्या असतील? संपादक म्हणून मला हे हिशेब अगदी जवळचे आहेत. पंधरा कवी निवडणं म्हणजे पन्नासांना नाही म्हणणं. त्या पन्नासांपैकी काही तुरुंगात असतात, काहींशी बोलणंही त्यांच्या जिवावर बेतू शकतं. आणि नाही कुणी म्हणायचं, तर जो सुरक्षित देशात बसला आहे त्याने. या अपराधी भावनेसह अनुक्रमणिका लावणं सोपं नसणार.

त्या पंधरांत त्यांनी स्वतःच्याही कविता घेतल्या आहेत. एरवी संपादकाने स्वतःला संग्रहात बसवलेलं मला खटकतं, आणि मी लेखकांना ते स्पष्ट सांगते. इथे मात्र मला ते पटलं. नव्वदीत देश सोडावा लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढीचा आवाज त्या पुस्तकात नसता तर भोक पडलं असतं. शिवाय त्या संग्रहात एइंद्रा आणि पँडोरा या दोघी कवयित्री आहेत, त्याही सिंगापुरात राहून लिहीत होत्या. म्हणजे ‘समकालीन बर्मी कविता’ ही गोष्टच अर्धी बाहेर होती. तिचा नकाशा काढायचा तर बाहेरची गावंही दाखवायला हवीत.

आणि सुरुवात कुणापासून केली? तिन मो यांच्यापासून. ही निवड मला फार मोलाची वाटते.

तिन मो १९३३ साली वरच्या ब्रह्मदेशातल्या कोरड्या पट्ट्यात, मिंज्यानजवळच्या एका खेड्यात जन्मले. ताडाची झाडं, धूळ, विहारातलं शिक्षण. पुढे मंडालेत बर्मी साहित्य शिकले, अध्यापन केलं, एका साहित्य मासिकाचं संपादन केलं. त्यांच्या पहिल्याच संग्रहाला १९५९ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लहान मुलांनी म्हणायच्या कविता लिहिणारा, सगळ्या घरांना माहीत असलेला कवी. १९८८ च्या उठावात ते लोकशाहीवाद्यांच्या बाजूने उभे राहिले. १९९१ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं त्यांनी इन्सेइन तुरुंगात काढली. त्या तुरुंगात राजकीय कैद्यांना कागद-पेन्सिल मिळत नसे. कविता डोक्यात रचायची, घोकायची, शेजारच्या कोठडीत पोचवायची.

हे वाचताना मला टिळकांच्या पेन्सिली आठवल्या. मंडालेत त्यांना शाई दिली नव्हती, पेन्सिली दिल्या होत्या, आणि पानांवर क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या. १९१० च्या हिवाळ्यापासून चार-पाच महिन्यांत त्यांनी गीतारहस्य त्या वह्यांत उतरवलं. सुटकेनंतर सरकार वह्या लवकर परत देईना तेव्हा ते म्हणाले होते की ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहीन. परक्या सरकारने मंडालेत आपल्या माणसाला पेन्सिल दिली होती. ऐंशी वर्षांनी बर्मी सरकारने बर्मी कवीला तीही दिली नाही. आम्ही शाळेत मंडालेचा तुरुंग पाठ करताना हा उत्तरार्ध आम्हाला कुणी सांगितला नाही.

तिन मो १९९९ मध्ये देशाबाहेर पडले. बेल्जियम, मग अमेरिका. जिथे बर्मी माणसं असतील तिथे जाऊन कविता म्हणायचे. २२ जानेवारी २००७ ला लॉस एंजेलिसमध्ये वारले. परत जाणं झालं नाही. पाच वर्षांनी एका दुसऱ्या परागंदा माणसाने संकलन काढलं, आणि दाराशीच या म्हाताऱ्याला बसवलं.

तिन मो यांची एक तीन ओळींची कविता आहे. पाहुण्याबद्दल. बर्मी लोकांना ती तोंडपाठ असते असं ऐकून होते. पुण्यात पाली शिकायला ब्रह्मदेशातून भिक्खू येतात, तशा एका भंतेजींची ओळख झाली होती. त्यांना विचारलं, तर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणूनच दाखवली. मग वहीत लिहून, बोटाने एकेक अक्षर दाखवत समजावली. बर्मी शब्द बहुतेक एकेका अक्षरउच्चाराचे असतात. जुन्या पद्यात चार-चार उच्चारांच्या ओळी आणि यमक पायऱ्या उतरत येतं: पहिल्या ओळीत चौथ्या जागी, दुसरीत तिसऱ्या, तिसरीत दुसऱ्या. आपल्या ओवीत यमक चरणाच्या टोकाला बसतं, आपण त्याची वाट बघतो. यांच्याकडे ते ओळीच्या आत शिरत जातं, दर ओळीला एक पाऊल आधी भेटतं. तिन मो यांच्या त्या एवढ्याशा कवितेतही हाच जिना आहे: ‘तो’, मग ‘ञो’, मग ‘गो’. चौथं, तिसरं, दुसरं. चिरूट संपत आल्याचं सांगताना ‘तो’, सूर्य काळवंडल्याचं सांगताना ‘ञो’, आणि ‘मला’ म्हणताना ‘गो’. भंतेजींनी तीनदा म्हणून दाखवली. तिसऱ्या वेळी मला अर्थ विसरून फक्त उतरणारी पावलं ऐकू आली.

आता हे इंग्रजीत न्यायचं कसं? को को थेट आणि त्यांच्या पिढीला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडला. सत्तरच्या दशकापासून बर्मी कवितेत यमकाचा जिना मोडणारे कवी आले. त्यांच्यावर टीका झाली, ही कविताच नव्हे असं म्हटलं गेलं. मराठी वाचकाला हे भांडण नवं नाही, आपल्याकडे मुक्तछंदावरून हेच झालं होतं. पुढे झेयार लिन यांच्यासारख्या कवी-शिक्षकाने जगभरची आधुनिक कविता बर्मीत आणली. पण बर्मी मुक्तछंदाला आणखी एक कारण होतं, परीक्षकाचं. यमकामुळे ओळ लक्षात राहते, तर विस्कळीत ओळीत अर्थ लपवता येतो. सॉ वाय यांनी २००८ च्या जानेवारीत एका साप्ताहिकात प्रेमकविता छापली, व्हॅलेंटाइन दिवसाच्या निमित्ताने. वरवर हळवी. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द खाली वाचत गेलं की लष्करप्रमुख थान श्वे सत्तेने वेडा झाला आहे असं वाक्य तयार व्हायचं. परीक्षकांच्या नजरेतून ती सुटली, वाचकांच्या सुटली नाही. अंक हातोहात संपला, आणि सॉ वाय यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. असं काही अनुवादात आणायचं म्हणजे शब्द तर आणायचेच, त्यांच्या लपायच्या जागाही आणायच्या. बाहेर राहणाऱ्या आणि दोन्ही भाषांत कविता लिहिणाऱ्या माणसाखेरीज हे कोण करणार होतं?

मला त्या द्विभाषिक पानांबद्दलही बोलायचं आहे, कारण माझं अर्धं आयुष्य अक्षरजुळणीच्या भानगडीत गेलं आहे. जुन्या फॉन्टमधली मराठी युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. एकदा एका कवीच्या अख्ख्या संग्रहातले ‘ऱ्या’ नाहीसे झाले होते आणि आम्ही दोन रात्री बसून ते परत लावले. बर्मीत हे दुखणं अधिक खोल होतं. बहुतेक लोक ‘झोजी’ नावाचा फॉन्ट वापरायचे, तो युनिकोडशी जुळत नसे. देशाने अधिकृतपणे युनिकोडकडे वळायचं ठरवलं ते १ ऑक्टोबर २०१९ ला. त्याच्या सात वर्षं आधी इंग्लंडमधल्या एका लहान प्रकाशनाने पंधरा कवींची बर्मी पानं छापली. तिथल्या छापखान्यात ती अक्षरं वाचणारं कोण असणार? अनुवाद तेवढा छापला असता तर इंग्रज वाचकाचं काही अडलं नसतं. तरी समोरचं पान ठेवलं. ज्या कवितांवर घरी शाई फासली जात होती, त्या घरच्या अक्षरांत, स्वच्छ.

२०१२ हे वर्षच विचित्र होतं. त्या ऑगस्टमध्ये सरकारने छपाईपूर्व परीक्षण बंद केलं. त्याच महिन्यात काळ्या यादीतली दोन हजारांहून जास्त नावं काढून टाकली, आणि बाहेर अडकलेली माणसं घरी जाऊन यायला लागली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थेन सेन चक्क रत्नागिरीला आले, थिबाच्या समाधीवर. माझ्या वडिलांनी फोन करून सांगितलं, रस्ते धुतलेत, पोलीस उभे आहेत, आपल्या थिबाला बघायला त्याच्या गावाहून कुणीतरी आलं बघ. त्यांच्या आवाजात आनंद होता, घरच्या कुणाचं तरी बऱ्याच दिवसांनी भलं झाल्यावर होतो तसा. मीही खूश होते. तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आता तिकडे उजाडतंय.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली.

३ मार्चला मोन्यवा शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला, त्यात के झा विन हा कवी मेला. एके काळी भिक्खू होता, पुढे शिक्षक झाला, विद्यार्थ्यांच्या मोर्चात चालल्याबद्दल आधीही तुरुंगात जाऊन आला होता. मे महिन्यात खेट थी याला चौकशीला नेलं, दुसऱ्या दिवशी बायकोला रुग्णालयात बोलावलं, तिथे तिला त्याचं प्रेत दिसलं. हा इंजिनिअर होता. कवितेला वेळ मिळावा म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि पोटासाठी आइस्क्रीम आणि केक करून विकायचा. आइस्क्रीमचं वाचून मी बराच वेळ काही करू शकले नाही. ‘बोन्स विल क्रो’मधला सगळ्यात तरुण कवी माउंग यू पाय यालाही त्या मार्चमध्ये पकडलं. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतलं नाव एका सकाळी बातमीत दिसणं म्हणजे काय, हे संपादकालाच कळेल. माझ्या अनुक्रमणिकांवर अशी वेळ कधी आलेली नाही.

को को थेट तेव्हा इंग्लंडमध्ये, नॉरिचला. त्या दिवसांत एकेक कविता इंग्रजीत येऊ लागली, अनुवादक म्हणून खाली त्यांचं नाव असायचं. मेलेल्यांच्या, पकडलेल्यांच्या, लपलेल्यांच्या कविता. अनुवादाला शांतता लागते असं आम्ही म्हणतो. मूळ वाचावं, बाजूला ठेवावं, चार दिवसांनी पुन्हा बघावं. इथे चार दिवस नव्हते. ब्रायन हॅमन यांच्याबरोबर त्यांनी २०२२ मध्ये दुसरं संकलन काढलं, १९८८ ते २०२१ या काळातल्या साक्षीच्या कविता आणि निबंध. पहिल्या पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘हाडं आरवतील’. दुसऱ्याचं साधारण असं: कोवळे कोंब खुडले म्हणून वसंत थांबणार नाही. वडिलांना फोनवर दोन्ही नावं सांगितली. ते लगेच म्हणाले, हे तर आपलंच आहे की, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मग जरा थांबून विचारलं, पण हाडं कशी आरवतील गं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, कोंबडं कापलं तरी, बाबा.

दोन पुस्तकांच्या मधल्या दहा वर्षांत त्यांच्या कामाचं स्वरूप बदललेलं दिसतं. पहिलं संकलन आवडीने आणि अभ्यासाने निवडलेलं आहे, बर्मी कविता जगाला दाखवण्याची त्यात हौस आहे. दुसऱ्यात हौस नाही. त्यात नोंद ठेवायची घाई आहे, आणि काही कविता कविता म्हणून कच्च्याही आहेत. मला विचाराल तर त्या तशाच ठेवल्या हे बरोबर केलं. माझी लाल पेन्सिल तिथे चालली नसती, चालू नये.

माझी आत्या रत्नागिरीत प्राथमिक शिक्षिका होती. तिला पुस्तकं विकत घेणं परवडत नसे, म्हणून वाचनालयातून दोन दिवसांसाठी आणलेल्या दिवाळी अंकातल्या कविता ती वहीत उतरवून घ्यायची. निळ्या शाईत, सुबक अक्षरात, खाली कवीचं नाव दोनदा अधोरेखित. स्वतःची एकही ओळ तिने लिहिली नाही. अशा अकरा वह्या होत्या. लग्न ठरलेल्या मुलींना ती त्यांतल्या कविता पुन्हा उतरवून द्यायची. को को थेट यांच्याबद्दल वाचत गेले तेव्हा मला वारंवार ती आठवली. खरं तर तुलना करू नये. तिला कुणी अटक करणार नव्हतं, ती कुणाच्या मरणाची नोंद करत नव्हती. पण दुसऱ्याची ओळ हरवू नये म्हणून आपला हात दुखेपर्यंत लिहिणं, हे मी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

अकराव्या वहीची शेवटची काही पानं कोरी राहिली होती. गेल्या पावसाळ्यात घरी गेले तेव्हा ती वही घेऊन ओटीवर बसले आणि भंतेजींनी लिहून दिलेला कागद काढला. डाव्या पानावर तिन मो यांच्या तीन ओळी गिरवल्या, गोल गोल, पहिलीत शिकलो तशा. उजवं पान मराठीसाठी. ‘तो’, ‘ञो’, ‘गो’ हा जिना मला बांधता आला नाही, पुष्कळ खटपट केली तरी. चिरुटाची ओळ झाली. उतरलेल्या उन्हाची झाली, तिच्यात मला रत्नागिरीची खाडी दिसत होती, तिन मो यांचा कोरडा मुलूख नव्हे, पण ते राहू दिलं. तिसऱ्या ओळीत पाहुणा घरी परत न्यायला सांगतो. तिथलं क्रियापद भंतेजींनी फोडून दाखवलं होतं. त्यात एक अक्षर बहुवचनाचं आहे, कारण पाहुणा सगळ्यांना मिळून सांगतोय. एक अक्षर अदबीचं. आणि शेवटचं एक, ‘आता’ या अर्थाचं, आता वेळ झाली, आता पुरे.

मराठीत यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आता मला पोचवा. बहुवचन, अदब, सगळं आलं. लिहिलं आणि मग आठवलं की आत्या गेली त्या दिवशी पुरुषमंडळी संध्याकाळी परत आली, नळावर हातपाय धुतले, आणि बाबा याच ओटीवर बसून एवढंच म्हणाले होते, पोचवून आलो. त्या बर्मी क्रियापदात हा अर्थ आहे का, ते भंतेजींना विचारायला हवं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. लॉस एंजेलिसपासून त्या कोरड्या मुलखातल्या खेड्यापर्यंत तिन मोंना कुणी पोचवू शकलं नाही. उजव्या पानावर तो शब्द तसाच ठेवला, आणि आत्या करायची तसं खाली नाव लिहून दोनदा अधोरेखित केलं.